ओल्या रस्त्यावरचा गाडीवान



इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, बखरी येतात, मोडी लिपीतली दफ्तरे येतात. शिलालेख वाचणाऱ्या पंडिताबद्दल आपल्याला आदर वाटतो. पण घराच्या भिंतीवर टांगलेला आजोबांचा जुना फोटो हेही इतिहासाचे साधन आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फोटो काय, पाहिला आणि पुसून पुन्हा खिळ्याला अडकवला! छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ साली, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे हे साधन आपल्याकडेही जुनेच आहे. ते वाचायचे कसे, एवढाच प्रश्न आहे.

आज एकाच छायाचित्राची हकीगत सांगणार आहे. ते दूरच्या न्यूयॉर्क शहरातले आहे, १९०४ सालचे आहे. एक प्रसिद्ध इमारत, पावसाने भिजलेली संध्याकाळ आणि घोडागाडी घेऊन उभा असलेला गाडीवान, एवढाच त्याचा ऐवज. पण त्यात दोन युगे एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात.

आधी त्या इमारतीविषयी. न्यूयॉर्क शहराचा मुख्य भाग एका लांबट बेटावर वसलेला आहे. १८११ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी पुढच्या वाढीसाठी बेटाचा आराखडा केला, आणि आपण पाटीवर सरळ-आडव्या रेघा ओढतो तशा रस्त्यांच्या रेघा त्यावर ओढल्या. पण ब्रॉडवे नावाचा एक रस्ता या आखणीच्या आधीचा. त्याचे मूळ तिथल्या आदिवासी रहिवाशांच्या पायवाटेत आहे असे सांगतात. पायवाट काही पट्टी धरून चालत नाही. ती तिरपी गेली आणि सरळ रस्त्यांना छेदत गेली. जुनी वहिवाट मोडणे किती कठीण असते, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको! तेविसाव्या रस्त्याजवळ हा तिरपा ब्रॉडवे पाचव्या हमरस्त्याला मिळतो, आणि दोहोंच्या बेचक्यात जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा उरतो, अगदी पाचरीसारखा.

या पाचरीवर १९०२ साली एक उंच इमारत उभी राहिली. शिकागोचे वास्तुशिल्पी डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीने तिची रचना केली. अधिकृत नाव होते फुलर बिल्डिंग. पण लोकांना तिचा आकार परटाच्या इस्त्रीसारखा दिसला, आणि इस्त्रीला इंग्रजीत म्हणतात फ्लॅटआयर्न. झाले, तेच नाव तिला चिकटले. वीसहून अधिक मजले आणि सुमारे २८५ फूट उंची. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर २८० फुटांचा आहे, त्यावरून उंचीची कल्पना करावी. आणि निमुळत्या टोकाशी रुंदी किती? जेमतेम साडेसहा फूट. एखादी बैलगाडी मावेल एवढीच.

एवढी उंच आणि एवढी अरुंद इमारत उभी राहते कशी? तिचा भार भिंतींवर नाही. आत पोलादाचा सांगाडा आहे आणि दगडाच्या व भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्या त्यावर अंगरख्यासारख्या चढवल्या आहेत. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब आणि तुळया छप्पर तोलतात, मधली भिंत ढासळली तरी घर उभे राहते. तत्त्व तेच, साहित्य वेगळे. पण तिथल्या लोकांना हे पटेना. त्या चौकात वारा मोठा असे. एखाद्या दिवशी वाऱ्याने इमारत कोसळणार, असे पुष्कळांना वाटे. कोणी तिची टर उडवली, कोणी कुरूप म्हटले. नवी वस्तू आली की असे होतेच. आपल्याकडे आगगाडी आली तेव्हा लोक काय काय बोलले, ते आठवावे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. शहरातल्या मोठ्या वास्तूचा फोटो घ्यायचा तर पूर्वीचे फोटोग्राफर स्वच्छ उन्हाची सकाळ निवडत. त्याला कारण होते. फोटोच्या काचेवर चांदीच्या क्षारांचा थर असतो आणि प्रकाश पडला की तो बदलतो. सुरुवातीला हा थर इतका मंद होता, की भरपूर ऊन असूनही भिंग मिनिटेच्या मिनिटे उघडे ठेवावे लागे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर याने एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्यात रस्ता ओसाड दिसतो! माणसे होती, गाड्या होत्या, घोडे होते, पण सगळे हलत होते, म्हणून एकाचाही ठसा उमटला नाही. उमटला तो फक्त कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका गृहस्थाचा आणि त्याच्या जोड्यांना पॉलिश करणाऱ्याचा. ते दोघे तेवढा वेळ जागेवर होते, म्हणून राहिले. माणसाच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत याची गणना होते. दोघांचीही नावे कोणाला ठाऊक नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

पुढे पद्धती सुधारल्या. १८५१ सालापासून ओल्या काचेची पद्धत आली. ती दागेरच्या पद्धतीहून जलद, पण फोटोग्राफरला अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर घेऊन हिंडावे लागे. काच ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. १८७१ साली कोरड्या काचेची युक्ती निघाली आणि दहाबारा वर्षांत ती सर्वत्र पसरली. तयार काचा पेटीत घालाव्या, तिकाटणे खांद्यावर टाकावे आणि वाटेल तिथे जावे. तेव्हा कुठे काही धाडसी माणसांच्या मनात आले, की उन्हातच कशाला? संध्याकाळी का नको? पावसात का नको?

यात अडचणी काय होत्या? पहिली, उजेड कमी. दुसरी, रस्त्यावरचे दिवे. दिव्याचा झोत काचेच्या थरातून आरपार जातो, मागच्या बाजूने परततो आणि दिव्याभोवती पांढरे खळे पडते. यावर उपाय म्हणून काचेच्या पाठीला काळसर लेप देत. तिसरी अडचण, दिवा लावलेली एखादी गाडी समोरून गेली की काचेवर उजेडाची रेघ ओढली जाई. म्हणून गाडी आली की भिंग झाकायचे, गेली की उघडायचे. आता यात पावसाची गंमत पाहा. कोरडा रस्ता रात्री काळाठिक्कर असतो. तोच भिजला की आरसा होतो. एकेक दिवा दोनदा दिसू लागतो, एकदा खांबावर आणि एकदा रस्त्यात. काळोख आपोआप उजळतो. जो पाऊस फोटोग्राफरचा वैरी समजला जाई, तोच असा त्याचा मदतनीस झाला.

लंडनमध्ये १८९५-९६ साली पॉल मार्टिन याने दिव्यांच्या उजेडात शहराची छायाचित्रे घेतली. त्यांत टेम्सकाठच्या ओल्या रात्रीचेही चित्र होते. हा मूळचा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. पूर्वी वर्तमानपत्रांतली चित्रे लाकडी ठोकळ्यांवरून छापत. फोटोवरून थेट ठसे करण्याची रीत निघाली आणि या कारागिरांचा धंदा बसला. ज्या यंत्राने पोटावर पाय आणला तेच यंत्र मार्टिनने हाती घेतले. त्याचे काम पाहून न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यालाही हुरूप आला आणि त्याने आपल्या शहरातल्या ओल्या रात्री काचेवर धरल्या. स्टीग्लिट्झ मुळातच चिवट. १८९३ साली बर्फाच्या वादळात, मनासारखे दृश्य जुळून येईपर्यंत, तो तीन तास रस्त्यावर उभा राहिला होता.

या स्टीग्लिट्झला एका प्रश्नाने पछाडले होते. फोटो ही कला आहे की नुसते यंत्राचे काम? त्या काळचे चित्रकार म्हणत, बटण दाबले की चित्र निघते, यात माणसाचे कर्तृत्व ते काय? स्टीग्लिट्झने १९०२ साली समविचारी मंडळींचा एक गट काढला आणि १९०३ सालापासून 'कॅमेरा वर्क' नावाचे त्रैमासिक चालवले. फ्लॅटआयर्न इमारत नवी होती तेव्हा त्याने बर्फात तिचा फोटो घेतला. ती इमारत आपल्याकडे चालून येणाऱ्या अजस्र आगबोटीच्या नाळीसारखी वाटली, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याच्या वडिलांना मात्र ती मुळीच आवडत नव्हती. असल्या कुरूप इमारतीत तुला काय दिसते, असे त्यांनी मुलाला विचारले. आणि गंमत अशी, की छापलेले चित्र पाहिल्यावर, अशा वस्तूतून इतके सुंदर चित्र निघालेच कसे, याचे त्यांनाच नवल वाटले!

या गटातला एक तरुण म्हणजे एडवर्ड स्टायकेन. जन्म १८७९ सालचा, लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातला. आईबापांनी तान्हेपणीच अमेरिकेत आणले. पंधराव्या वर्षी तो मिलवॉकी गावी शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. पुढे पॅरिसला जाऊन चित्रकला शिकला. रंग, शाई, छपाई हे सारे त्याच्या हातात मुरलेले होते. १९०४ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने एका ओल्या संध्याकाळी फ्लॅटआयर्न इमारतीचा फोटो घेतला. तोच आजचा आपला विषय.

काय दिसते त्यात? सांज झाली आहे. इमारत मागे उभी आहे, पण तिचा माथा चित्राच्या वर निघून गेला आहे. ती पोलादाची, दगडाची वाटतच नाही, धुक्यात विरघळणाऱ्या सावलीसारखी दिसते. पुढे झाडाची एक वेडीवाकडी फांदी आडवी आली आहे. रस्ता ओला आहे, त्यात दिव्यांचे कवडसे हलताहेत. आणि सर्वांत पुढे, अगदी आपल्याजवळ, घोडागाडी आणि उंच टोपी घातलेला गाडीवान. त्याचा चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती.

फांदी अशी पुढे आणायची आणि वस्तू अर्धवट कापायची, ही रीत जपानी ठसेचित्रांवरून आलेली. त्या काळी ती चित्रे युरोप-अमेरिकेत घरोघर पोचली होती. संध्याकाळचा तो निळसर रंग व्हिस्लर या चित्रकाराच्या रात्रीच्या चित्रांची आठवण देतो. पण तो रंग फोटोत आला कुठून? तेव्हाचे फोटो तर एकरंगीच असत.

इथे आपल्या ओळखीची एक वस्तू येते. ती म्हणजे डिंक! स्टायकेनने आधी प्लॅटिनम धातूच्या क्षारांच्या कागदावर फोटो छापून घेतला. मग बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंक, त्यात रंगाची भुकटी आणि बायक्रोमेट नावाचा क्षार असे मिश्रण त्या छापावर पसरले. या मिश्रणाचा गुण असा, की ऊन लागले तिथे ते कडक होते आणि लागले नाही तिथे पाण्यात धुऊन जाते. तेव्हा फोटोची काच पुन्हा बरोबर त्याच जागी ठेवायची, उजेड दाखवायचा आणि पाण्यात धुवायचे. जिथे डिंक टिकला तिथे रंग टिकला. असे थरावर थर चढवायचे. एखादा थर केसभर सरकला तर सगळी मेहनत पाण्यात. आपल्याकडचा छिपा कापडावर एकामागून एक रंगाचे ठसे उठवतो, त्यासारखेच हे काम. म्हणून स्टायकेनच्या हातच्या दोन प्रती कधी अगदी सारख्या झाल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या चित्राच्या तीन प्रती आहेत. काच एकच, इमारत एकच, संध्याकाळही एकच, पण रंगाची छटा प्रत्येकीत निराळी. यंत्राला सगळे ठसे सारखेच काढता येतात. इथे तसे झालेले नाही. माणसाचे कर्तृत्व काय, या आक्षेपाला हे हातांनी दिलेले उत्तर होते. १९०६ सालच्या 'कॅमेरा वर्क'च्या एका अंकात हे चित्र रंगीत छापून आले.

हे झाले कलेच्या बाजूने. आता इतिहासाच्या बाजूने पाहू.

चित्राचा विषय आहे नवीन इमारत. पण चित्र घेणाऱ्याने तिला धूसर केले आणि पुढे ठेवला जुना गाडीवान. १९०४ साली तो चौक गाड्याघोड्यांचा होता. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कची जमिनीखालून धावणारी रेल्वे सुरू झाली. १९०७ साली भाड्याच्या मोटारटॅक्सी रस्त्यावर आल्या. १९०८ साली फोर्डने सामान्य माणसासाठी मोटार काढली. दहा-पंधरा वर्षांत घोडागाडी मागे पडली. तिच्याबरोबर घोडे गेले, तबेले गेले, नालबंद गेले, चाबूक करणारे आणि खोगीर शिवणारे गेले. चित्रातल्या गाडीवानाला हे ठाऊक असायचे कारण नाही. तो गिऱ्हाईकाची वाट पाहत ओल्या थंडीत बसला आहे. त्याच्या पाठीमागे जे उंच उंच वर गेले आहे, त्याच युगात त्याचा धंदा बुडायचा आहे.

आणि आता पॅरिसच्या त्या पॉलिशवाल्याची आठवण करू. इमारत बांधणाऱ्या बर्नहॅमचे नाव ग्रंथांत आहे, चित्र काढणाऱ्या स्टायकेनचे आहे. गाडीवानाचे नाव कुठेच नाही. धावपळ करणारी, घाईची माणसे त्या मंद थरावरून पुसली जात. थांबून राहणे हाच ज्यांचा धंदा, ती माणसे तेवढी उमटत. दरबारी बखरीत ज्याला ओळ मिळाली नसती, त्याला फोटोच्या काचेने जागा दिली. काचेला मोठा-लहान कळत नाही, तिला फक्त स्थिर आणि चंचल कळते. छायाचित्राचे इतिहासातले मोल मला यात दिसते. चित्र घेणाऱ्याच्या मनात असते त्यापेक्षा पुष्कळ अधिक त्यात येऊन बसते.

पुढची हकीगत थोडक्यात. स्टीग्लिट्झने १९३३ साली आपला छायाचित्रांचा मोठा संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, त्यात हे चित्रही गेले. स्टायकेन पुढे फार मोठा झाला. १९५५ साली त्याने न्यूयॉर्कला 'फॅमिली ऑफ मॅन', म्हणजे मानवाचे कुटुंब, या नावाचे प्रदर्शन भरवले. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे त्यात होती. जन्म, लग्न, श्रम, भूक, नाच, मृत्यू असे साऱ्या माणसांचे समान आयुष्य. ते जगभर फिरले, आणि १९५६ साली मुंबईलाही आले. ज्याने पंचविशीत अनाम गाडीवानाला इमारतीच्या पुढे बसवले, त्याने पंचाहत्तरीत जगभरच्या अनाम माणसांना एका मांडवाखाली आणले. धागा एकच दिसतो.

त्या इमारतीला १९६६ साली न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. जिला लोक हसत, तीच शहराची खूण ठरली. २०१९ साली तिथली शेवटची मोठी कचेरी, एका पुस्तक प्रकाशनसंस्थेची, बाहेर पडली आणि इमारत रिकामी झाली. २०२३ साली तिचा लिलाव झाला. आणि चित्राचे काय झाले? २०२२ साली स्टायकेनच्या हातची एक प्रत लिलावात १ कोटी १८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. डिंक, रंग आणि कागद! पण किमतीच्या आकड्याने दिपून जाऊ नये. मोल त्या पाहण्याचे आहे.

यातून आपण काय घ्यायचे? विशेषतः शिक्षकबंधू आणि भगिनींना सांगावेसे वाटते. आपल्या शाळेत, चावडीवर, देवळाच्या कार्यालयात, कोणाच्या तरी ट्रंकेत जुने फोटो असतील. ते मुलांपुढे ठेवावे आणि चार साधे प्रश्न विचारावे. चित्रात मुद्दाम काय दाखवले आहे? न कळत काय आले आहे? यातले आज काय उरलेले नाही? आणि यातल्या कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटील, सरपंच किंवा पाहुणे असे येईल. दुसऱ्याच्या उत्तरात मागची मोट येईल, उखळ येईल, कुडाची भिंत येईल. तिसऱ्यासाठी मुले घरी जाऊन आजीला विचारतील. आणि चौथ्या प्रश्नाला गावातला एखादा म्हातारा कदाचित म्हणेल, अरे, हा तर आमचा अमका! तेव्हा ते नाव, त्याचे काम, साल, जागा हे फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. शाई वापरू नये, ती कागदात झिरपते.

हल्ली बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. ओल्या रात्रीचा फोटो घ्यायला आता काचेला लेप नको आणि तीन तास उभे राहणेही नको. दिवसाला शेकडो फोटो निघतात. पण गावची वेस, नदीचा घाट, बाजारतळ, एस.टी.चा थांबा यांचे फोटो आपण सणासुदीला, रोषणाई असताना घेतो. आपली गावे रोज असतात तशी एखाद्या चित्रात राहावीत. पाऊस पडून गेलेला असावा, दिवेलागण झालेली असावी, आणि कोणीतरी आपल्या कामावर वाट पाहत बसलेले असावे. आणि फोटो घेतल्यावर त्या माणसाला त्याचे नाव तेवढे विचारून घ्यावे. न्यूयॉर्कच्या त्या गाडीवानाला ते कोणी विचारले नाही.